पहिलारू कालवडीसाठी सुलभ प्रसूतीचा वळू निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कालवड माजावर आली की बहुतेक जण आधी विचारतात, ‘सगळ्यात जास्त दुधाचा वळू कोणता?’ पहिलारूसाठी, म्हणजे पहिल्यांदाच विणाऱ्या कालवडीसाठी, मात्र आधी दुसराच प्रश्न विचारायला हवा: या वळूचे वासरू हिला सहज विता येईल का? दूध, फॅट, कास हे सारे त्यानंतर. पहिल्याच वेताला अडलेली कालवड वाचली, तरी पुढे महिनोन् महिने तिची भरपाई होत नाही.

सुलभ प्रसूतीचा वळू म्हणजे नेमका कोणता?

ज्याची वासरे जन्मताना गायीला फारशी मदत लागत नाही, तो. हे ठरते त्याच्या वासरांच्या जन्माच्या नोंदींवरून. अनेक कळपांत त्याची वासरे जन्मली, त्यातली किती आपोआप बाहेर आली, किती हाताने ओढावी लागली, किती वेळा डॉक्टर बोलवावा लागला, याची गणती करून वळूला आकडा दिला जातो. वळूचे दूध आपण त्याच्या मुलींवरून ओळखतो. त्याची प्रसूतीतली सुलभता मुलगे आणि मुली दोघांच्याही जन्मावरून कळते आणि ती बरीच लवकर कळते, कारण त्यासाठी मुली मोठ्या होऊन दुधात यायची वाट पाहावी लागत नाही.

मोठ्या गायींना कोणताही वळू चालतो, मग कालवडीलाच एवढी काळजी का?

कारण कालवडीचे स्वतःचे वाढणे संपलेले नसते. तिच्या कमरेच्या हाडांची चौकट अजून पूर्ण रुंदावलेली नसते आणि जननमार्ग एकदाही ताणला गेलेला नसतो. पहिलारू अडते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: वासरू मोठे आणि वाट अरुंद. मोठ्या गायीत अडण्याची कारणे वेगळी असतात. पाय मागे दुमडलेला, मान वळलेली, जुळे, कॅल्शियम कमी पडल्याने कळा मंदावलेल्या. म्हणून वळूच्या निवडीचा सगळ्यात मोठा फायदा पहिल्याच वेताला मिळतो.

अडल्याचे परिणामही त्या दिवसापुरते राहत नाहीत. जार अडकते, गर्भाशयात पू होतो, माज लांबतो, दूध अपेक्षेइतके येत नाही. फार ओढाताण झाली तर मागच्या पायांच्या नसा दबून गाय उठेनाशी होते. वासराचेही हाल होतात. ज्याला जन्मताना खूप वेळ लागला ते उशिरा उभे राहते, उशिरा चीक पिते आणि चिकातली रोगप्रतिकारक द्रव्ये त्याच्या अंगी कमी लागतात.

वळूच्या यादीतले सुलभ प्रसूतीचे आकडे कसे वाचायचे?

इथेच सर्वाधिक घोटाळा होतो, म्हणून जरा थांबून वाचा. हा आकडा सगळीकडे एकाच पद्धतीने छापत नाहीत.

अमेरिकी पद्धतीच्या होलस्टीन किंवा ब्राऊन स्विस वळूच्या यादीत ‘सायर काव्हिंग ईज’ हा आकडा टक्क्यांत असतो. त्या वळूची वासरे पहिलारू गायींना विताना शंभरातून किती वेळा त्रास होईल, याचा तो अंदाज असतो. इथे आकडा जितका कमी तितका चांगला. अँगससारख्या मांसाच्या जातींच्या यादीत मात्र ‘काव्हिंग ईज डायरेक्ट’ म्हणजे विनामदत होणाऱ्या प्रसूतींच्या टक्केवारीतला फरक असतो. तिथे आकडा जितका जास्त तितका चांगला. एका वळूचा +१२ आणि दुसऱ्याचा +४ असेल तर अर्थ असा, की एकसारख्या कालवडींना दोघांचे रेतन केले तर पहिल्याच्या बाबतीत शंभरात साधारण ८ प्रसूती जास्त विनामदत होतील. दुधाळ वळूंची यादी बघायची सवय असलेला माणूस ही दुसरी यादी हातात घेतो, कमी आकडा शोधतो आणि नेमका नको तो वळू निवडतो. आकडा पाहण्याआधी त्या यादीत चढता आकडा चांगला की उतरता, हे नक्की विचारा.

आणखी दोन गोष्टी. एका जातीच्या यादीतला आकडा दुसऱ्या जातीच्या आकड्याशी ताडून पाहू नका, कारण प्रत्येक जातीची सरासरी वेगळी. जर्सीतला ‘मध्यम’ वळू आणि भारी अंगाच्या शारोले जातीतला ‘मध्यम’ वळू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरे म्हणजे, काही देश वळूचे पैदास मूल्य छापतात आणि काही देश संततीत उतरणारा फरक छापतात. पैदास मूल्याचा अर्धाच भाग वासरात उतरतो, कारण उरलेला अर्धा वारसा गायीकडून येतो. संततीतल्या फरकाचा आकडा आधीच अर्धा केलेला असतो. जन्मवजनात एका यादीतले +२ किलो आणि दुसऱ्या यादीतले +२ किलो हे म्हणून सारखे नसतात.

आकड्याशेजारी विश्वासार्हता लिहिलेली असते. ती पाहायची का?

जरूर. आकडा उत्तम पण विश्वासार्हता कमी, याचा अर्थ तो वळू अजून पुरता पारखलेला नाही. नव्या वळूंचे आकडे डीएनए चाचणी आणि वंशावळ यांवरून काढलेले असतात. ते उपयोगी आहेत, पण शेकडो जन्मांच्या नोंदी आल्यावर वरखाली होतात. मोठ्या गायींवर तरुण वळू वापरून पाहायला माझी हरकत नाही. कालवडींवर मात्र ज्याची भरपूर वासरे जन्मून नोंद झाली आहे असाच वळू घ्यावा, आणि एखादा नवा घ्यायचाच असेल तर सगळ्या कालवडींना त्या एकाचेच रेतन करू नये.

वळू अंगाने लहान, डोक्याने निमुळता आणि खांद्याला सडपातळ असेल तर वासरेही सहज येतील ना?

नाही. हा समज जुना आणि खोलवर रुजलेला आहे. अनेकांनी वासरांची डोकी, खांदे, छाती, कंबर मोजून पाहिली. वासराचे जन्मवजन एकदा हिशेबात घेतले की आकाराची ही मापे अडण्याबद्दल फारसे जास्त काही सांगत नाहीत. आज वळू केवढा दिसतो यावरून त्याचे वासरू केवढे जन्मेल हेही सांगता येत नाही. लहान जन्मून झपाट्याने वाढणारे वळू असतात आणि अंगाने बेताचे पण जड वासरे देणारेही असतात. डोळ्यांनी वळूचे पाय, चाल, तब्येत पारखावी. प्रसूतीची सुलभता डोळ्यांना दिसत नाही.

जन्मवजनाचा आकडा पाहू की सुलभ प्रसूतीचा?

दोन्ही असतील तर सुलभ प्रसूतीचा. तो काढतानाच बहुतेक ठिकाणी जन्मवजन धरलेले असते, शिवाय प्रत्यक्ष जन्म कसे झाले याची माहितीही त्यात असते. दोन्ही आकड्यांवर वेगवेगळी चाळण लावली तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते आणि चांगले वळू विनाकारण गळतात. सुलभ प्रसूतीचा आकडाच उपलब्ध नसेल तर मग जन्मवजन हाच उत्तम आधार. त्याची आनुवंशिकता बरीच आहे, शून्य ते एकच्या मापावर साधारण ०.४, त्यामुळे निवडीचा परिणाम लवकर दिसतो.

गर्भकाळाचा आकडा दिला असेल तर तोही पाहावा. शेवटच्या दिवसांत गर्भ रोज पाव ते अर्धा किलो वाढतो. ज्या वळूची वासरे चार दिवस आधी येतात ती तेवढी हलकी असतात.

‘मुलींच्या प्रसूतीची सुलभता’ असाही एक आकडा असतो. तो कशासाठी?

माझ्या मते यादीतला हा सर्वात दुर्लक्षित आकडा. पहिला आकडा सांगतो की या वळूचे वासरू कसे जन्मेल. हा दुसरा सांगतो की त्याची मुलगी मोठी झाल्यावर स्वतः कशी विईल.

हे दोन गुण एकाच दिशेने जातात असे नाही, उलट काही प्रमाणात ते एकमेकांविरुद्ध ओढतात. फार लहान वासरे देणाऱ्या वळूची मुलगी सहज जन्मते, पण मोठी झाल्यावर तिची कमरेची चौकट अरुंद राहण्याचा धोका असतो. पिढ्यान् पिढ्या फक्त हलक्या वासरांमागे लागणारा कळप शेवटी अशा जागी येतो, की कालवडी लहान, वाट लहान आणि अडण्याचे प्रमाण पुन्हा जैसे थे.

म्हणून जन्मलेली कालवड कळपात ठेवायची असेल तर दोन्ही आकडे चांगले असलेला वळू शोधा. असे वळू आहेत. पहिल्या आकड्यात अगदी अव्वल नसला, तरी दोन्हींत सरासरीहून बरा असलेला वळू घ्या. वासरू ठेवायचेच नसेल, विकायचे असेल, तर फक्त पहिला आकडा पुरे. होलस्टीनच्या यादीत मृत जन्माचा आकडाही वेगळा दिलेला असतो. प्रसूती सोपी होऊनही वासरू मेलेले जन्मू शकते, त्यामुळे त्यावरही एक नजर टाकावी.

मोठ्या जातीच्या कालवडीला जर्सी वळूचे रेतन केले तर?

प्रसूतीच्या दृष्टीने सुरक्षित. होलस्टीनचे वासरू सरासरी ४० किलोच्या आसपास जन्मते आणि जर्सीचे २५ च्या आसपास. संकर या दोन्हींच्या मधे येतो. पण या सोयीची किंमत असते. त्या संकर कालवडीचे पुढे काय करणार, तुमच्या कळपात तिला जागा आहे का, हे आधी ठरवा. नाहीतर होलस्टीनमध्येच सुलभ प्रसूतीचे भरपूर वळू मिळतात.

उलट बाजूने, शारोले किंवा बेल्जियन ब्लूसारख्या भारी मांसाच्या जाती पहिलारूवर शक्यतो नकोतच. बेल्जियन ब्लूमध्ये दुहेरी स्नायूंचे जनुक पक्के बसलेले आहे आणि शुद्ध जातीच्या गायींची सुटका बहुधा सिझेरियननेच करावी लागते. मांसाच्या जातीचे रेतन करायचेच असेल तर सुलभ प्रसूतीच्या अँगस वळूकडे जा.

आणि वशिंडाच्या जातीचा वळू? त्यांची वासरे तर लहानच असतात.

इथे फार मोठी फसगत होऊ शकते. गीर किंवा साहिवाल गायीचे शुद्ध वासरू हलके जन्मते हे खरे, साधारण २० ते २५ किलो. पण त्याचे बरेचसे श्रेय गायीला आहे. वशिंडाच्या गायीचे गर्भाशय गर्भाच्या वाढीला लगाम घालते. म्हणूनच तिला विदेशी वळूचे रेतन केले तरी वासरू अपेक्षेपेक्षा हलके येते.

उलट संकरात हा लगाम नसतो. विदेशी रक्ताच्या गायीला वशिंडाच्या वळूचे रेतन केले, की वासरे दोन्ही जातींच्या सरासरीपेक्षा जड जन्मतात, त्यातही गोऱ्हे (नर वासरे), आणि गर्भकाळही लांबतो. अमेरिकेतल्या ‘ब्राह्मण’ नावाच्या वशिंडाच्या गुरांच्या वळूंबाबत हे वारंवार दिसून आले आहे, आणि गुरांची ही जात घडली ती गीर, कांकरेज, ओंगोल, कृष्णाखोरे अशाच रक्तातून. तेव्हा ‘देशी वळू म्हणजे वासरू लहान’ हे गणित शुद्ध किंवा जास्त विदेशी रक्ताच्या कालवडीला लावू नका.

लिंगनिश्चित रेतमात्रा वापरली तर प्रसूती सोपी होते का?

हो, बऱ्यापैकी. गोऱ्हा कालवडीपेक्षा साधारण १ ते ३ किलो जड जन्मतो. लिंगनिश्चित मात्रेतून सुमारे ९० टक्के वासरे माद्या येतात, म्हणजे जड वासराची शक्यता आपोआप घटते. गर्भ राहण्याचे प्रमाण नेहमीच्या मात्रेपेक्षा काहीसे कमी असते, त्यामुळे ती धडधाकट, स्पष्ट माज दाखवणाऱ्या कालवडीलाच आणि नेमक्या वेळी द्यावी. सुलभ प्रसूतीचा वळू आणि लिंगनिश्चित मात्रा, पहिलारूसाठी याहून सुरक्षित जोडी नाही.

रेतन नको, वळूच लावायचा आहे. मग?

मग जबाबदारी वाढते. भारी अंगाचा वळू कोवळ्या कालवडीवर चढला तर तिला इजा होते, म्हणून तरुण आणि बेताच्या वजनाचा वळू हवा. ब्रुसेलोसिस, ट्रायकोमोनियासिस, व्हिब्रिओसिस या रोगांसाठी त्याची तपासणी झालेली असावी. वळू कळपात मोकळा असेल तर कालवड नेमकी कधी फळली हे कळत नाही, आणि तारीखच माहीत नसेल तर विण्याच्या रात्री जागे कोण राहणार? निदान वळू आत सोडल्याची आणि बाहेर काढल्याची तारीख लिहून ठेवा.

कालवड किती मोठी झाल्यावर रेतन करावे?

वयापेक्षा वजन पाहा. तिच्या जातीच्या पूर्ण वाढलेल्या गायीच्या वजनाच्या ५५ ते ६० टक्के वजन दुधाळ जातीत हवे, मांसाच्या जातीत ६५ टक्क्यांपर्यंत. मोठी गाय ५०० किलोची होत असेल तर कालवड रेतनाच्या वेळी २७५ ते ३०० किलोची, आणि व्यायल्यानंतर ४१० ते ४२५ किलोची असावी. या दुसऱ्या आकड्याकडे फार कमी लोक बघतात. रेतन वेळेवर झाले पण नंतर खुराकाकडे दुर्लक्ष झाले, तर ती विण्याच्या वेळी लहानच राहते, आणि तेव्हा कितीही चांगला वळू तिला पुरा पडत नाही. कमरेची चौकट फारच अरुंद वाटत असेल तर पशुवैद्य गुदमार्गे हात घालून ती मोजू शकतात. वर्षाच्या सुमाराला हे केले तर अगदी अरुंद कालवडी रेतनाआधीच बाजूला काढता येतात.

शेवटच्या महिन्यांत खाणे कमी केले तर वासरू लहान राहील ना?

कृपा करून असे करू नका. गर्भाच्या वजनातला जवळपास दोन तृतीयांश भाग शेवटच्या तीन महिन्यांत वाढतो, म्हणून हा विचार अनेकांच्या मनात येतो. पण उपाशी कालवडीचे वासरू थोडे हलके झाले तरी अडण्याचे प्रमाण कमी होत नाही. कळा द्यायला तिच्यात जोर उरत नाही, वासरू अशक्त जन्मते, चीक कमी येतो आणि ती पुन्हा लवकर माजावर येत नाही. उलट टोकही वाईट. फार लठ्ठ कालवडीच्या जननमार्गाभोवती चरबी साचून वाट अरुंद होते. पाचाच्या मापावर ३ ते ३.५ शरीरस्थिती ठेवा. बरगड्या हाताला लागाव्यात, पण लांबून उठून दिसू नयेत.

आमच्याकडे मिळणाऱ्या रेतमात्रांवर असे आकडेच नसतात. काय करू?

रेतन करणाऱ्याकडून वळूचा क्रमांक घ्या आणि तो लिहून ठेवा. त्याच वळूची वासरे आजूबाजूला कोणाकडे जन्मली, कालवडींना ओढावी लागली का, ते विचारा. मोठ्या गायींना त्रास झाला नाही एवढ्यावर समाधान मानू नका, पहिलारूंचा अनुभव वेगळा विचारा. वासरांची जन्मवजने कोणी मोजली असतील तर सोन्याहून पिवळे. हे काहीच मिळाले नाही तर लहान जन्मवजनाच्या जातीचा, मात्र वरचा संकराचा मुद्दा ध्यानात ठेवून, वळू घ्या. तोच वळू कालवडीचा बाप किंवा आजा नाही ना, हेही पाहा.

चांगला वळू निवडला, तरी कालवड अडली तर?

अडू शकते. पाय दुमडलेला असणे किंवा वासरू उलटे येणे वळूच्या हातात नसते. म्हणून विण्याच्या वेळी लक्ष हवेच. अस्वस्थपणा, उठबस, शेपटी वर हा पहिला टप्पा पहिलारूत कित्येक तास चालतो, तेव्हा घाई करू नये. पाणमोट फुटल्यावर किंवा खूर दिसल्यावर मात्र घड्याळ पाहा. पहिलारूत तासाभरात काहीच पुढे सरकले नाही तर डॉक्टरांना बोलवा. मोठ्या गायीत अर्ध्या तासातच. दोनच पायांचे खूर आणि त्यांवर टेकलेले नाक ही सरळ स्थिती. एकच पाय, नुसती शेपटी किंवा पायांशिवाय डोके दिसले तर एक मिनिटही थांबू नका.

ओढायचेच झाले तर कळेबरोबर, एकेक पाय आलटून पालटून, आणि वासरू अर्धे बाहेर आले की गायीच्या मागच्या गुडघ्यांच्या दिशेने खाली ओढावे. दोन माणसांच्या जोराने निघत नसेल तर जास्त माणसे किंवा ट्रॅक्टर लावू नये. तिथून पुढे सिझेरियनचा निर्णय डॉक्टरांचा. वासरू बाहेर आल्यावर पहिल्या दोन तासांत चीक पाजा, त्यातही अवघड जन्मलेल्याला स्वतः धरून पाजा.

हे सगळे म्हशींच्या रेडीलाही लागू आहे का?

वजनाचा आणि खुराकाचा भाग पूर्ण लागू आहे. पण म्हशीत अडण्याचे एक प्रमुख कारण गर्भाशयाला पीळ पडणे हे आहे आणि त्यावर वळूच्या निवडीचा उपाय नाही. रेडी कळा देते पण काहीच बाहेर दिसत नाही, अशा वेळी वाट पाहत बसू नये.

दुसऱ्या वेतालाही असाच वळू घ्यायचा का?

गरज नाही. पहिल्यांदा सहज व्यायलेली, नीट वाढलेली गाय दुसऱ्या वेताला बराच मोठा भार पेलते. आता दूध, कास, पाय, सड यांना पुढचे स्थान द्या आणि सुलभ प्रसूतीच्या आकड्यात फक्त टोकाचे वाईट वळू टाळा. जी पहिल्या वेताला अडली होती, तिच्यासाठी मात्र कारण पाहून ठरवा. वासरू मोठे म्हणून अडली असेल तर अजून एक वेत सांभाळून घ्या. वासराची स्थिती चुकल्याने अडली असेल तर वळू बदलून काही साधणार नाही.